साठ वर्गणीदारांचे मासिक: 'द फँटसी फॅन'चे प्रकरण

पार्श्वभूमी

१९३३ साली अमेरिकेत मंदी शिगेला पोचली होती. चार कामगारांमागे एक बेकार होता आणि मार्च महिन्यात देशभरातल्या बँका काही दिवस बंद ठेवाव्या लागल्या होत्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये न्यू जर्सी राज्यातल्या एलिझाबेथ शहरात चार्ल्स हॉर्निग या १७ वर्षांच्या मुलाने 'द फँटसी फॅन' नावाचे मासिक सुरू केले. आकार लहान, पाने सोळाच्या आसपास, किंमत १० सेंट आणि वर्षाची वर्गणी एक डॉलर. फेब्रुवारी १९३५ मध्ये अठरावा अंक काढून त्याने ते बंद केले. मधल्या दीड वर्षात एकही महिना चुकला नाही. हौशी मासिक ज्याने कधी चालवले आहे त्याला या नियमितपणाची किंमत वेगळी सांगायला नको.

असे काही काढावे हे त्याच्या डोक्यात आले कसे, हे समजायला सात वर्षे मागे जावे लागते. ह्यूगो गर्न्सबॅकने एप्रिल १९२६ मध्ये 'अमेझिंग स्टोरीज' हे फक्त विज्ञानकथांना वाहिलेले मासिक सुरू केले. त्यात वाचकांची पत्रे पूर्ण पत्त्यासह छापली जात. त्या पत्त्यांवरून वाचक एकमेकांना थेट पत्रे लिहू लागले, गावोगावी मंडळे निघाली आणि मंडळांची पत्रके निघाली. मे १९३० मध्ये निघालेले 'द कॉमेट' हे या जातीचे पहिले मासिक मानतात. ते सायक्लोस्टाइलवर काढलेले होते. १९३२ मध्ये 'द टाइम ट्रॅव्हलर' आणि त्यापाठोपाठ 'सायन्स फिक्शन डायजेस्ट' आले. मासिक काढणारे बहुतेक सगळे शाळकरी किंवा नुकते शाळा सोडलेले. खरेदी-विक्रीचे व्यावसायिक जग वर, आणि त्याच्याच पत्रव्यवहाराच्या पानांतून जन्मलेले हे हौशी जग खाली, अशी रचना तयार झाली होती.

हॉर्निग याच दुसऱ्या जगातला. त्याच्या हातून जे घडले त्यात विषयाची निवड, लेखक मिळवणे, वाद हाताळणे, नोकरी सांभाळून मासिक चालवणे आणि बंद करणे असे पाच टप्पे दिसतात. यांतले दोन त्याने फार चांगले पार पाडले, एक बऱ्यापैकी, आणि दोन निर्णय त्याने प्रत्यक्षात घेतलेच नाहीत. मला हे प्रकरण महत्त्वाचे वाटते ते या न घेतलेल्या निर्णयांमुळे.

अडचण

अडचण पैशाची होती हे खरे, पण फक्त पैशाची नव्हती. हॉर्निग मैदानात आला तेव्हा विज्ञानकथेच्या रसिकांसाठी 'सायन्स फिक्शन डायजेस्ट' वर्षभर चालू होते. त्यामागे ज्युलियस श्वार्ट्झ आणि मॉर्ट वाइझिंगर यांच्यासारखी न्यूयॉर्कमधली, लेखक-संपादकांच्या बातम्या थेट उचलणारी मंडळी होती. त्यांच्याशी बातमीदारीत स्पर्धा करणे एकट्या मुलाला झेपणारे नव्हते.

दुसरी बाजू वाचकसंख्येची. या मासिकाचे वर्गणीदार साठच्या आसपासच राहिले आणि छापल्या जात त्या सुमारे तीनशे प्रती. आता हिशेब मांडून पाहा. साठ वर्गणीदारांचे वर्षाचे साठ डॉलर, म्हणजे अंकामागे पाच डॉलर. तीनशेच्या तीनशे प्रती दहा सेंटने खपल्या असत्या तरी तीस डॉलर आले असते, आणि त्या कधी खपल्या नाहीत. या पाच डॉलरांत कागद, खिळ्यांची जुळणी, छपाई, टपाल सगळे बसवायचे होते. आपल्याकडच्या लघुनियतकालिकवाल्यांना हे गणित तोंडपाठ असेल.

समोरचे पर्याय: काय छापायचे

पहिला पर्याय म्हणजे इतरांसारखे विज्ञानकथेचे वार्तापत्र काढणे. वाचक या बाजूला जास्त होते, पण मैदान भरलेले होते. दुसरा, विज्ञानकथा आणि भयकथा दोन्ही एकत्र घेणे. मासिकाच्या नावात 'फँटसी' असल्यामुळे ही मोकळीक त्याच्याकडे होती आणि सुरुवातीचा रोख असाच संमिश्र होता. तिसरा पर्याय भयकथा-गूढकथेकडे पूर्ण झुकण्याचा. त्या कथांचे व्यावसायिक घर म्हणजे शिकागोहून निघणारे 'वीअर्ड टेल्स'. ते १९२३ पासून चालू होते, त्याला निष्ठावान वाचक होते, पण त्या वाचकांचे स्वतःचे असे एकही मासिक नव्हते.

हॉर्निग पहिल्या काही अंकांतच या तिसऱ्या दिशेला वळला. मला हा त्याचा सगळ्यांत चांगला निर्णय वाटतो. वाचकवर्ग लहान होणार हे उघड होते. तरी मोकळी जागा तिथे होती, आणि मुख्य म्हणजे त्या जागेतले लेखक द्यायला तयार होते.

लेखक कसे मिळाले

प्रॉव्हिडन्सचे एच. पी. लव्हक्राफ्ट तेव्हा ४३ वर्षांचे होते. कॅलिफोर्नियातले क्लार्क ॲश्टन स्मिथ चाळिशीचे. टेक्सासचा रॉबर्ट ई. हॉवर्ड त्यांच्यापेक्षा तरुण, पण 'वीअर्ड टेल्स'मधला लोकप्रिय लेखक. या तिघांनी एका शाळकरी वयाच्या मुलाच्या मासिकाला मानधन न घेता लेखन दिले. हे औदार्य होतेच, पण त्यामागे एक व्यवहारही होता आणि तो दोन्ही बाजूंना सोयीचा होता.

'वीअर्ड टेल्स'चे संपादक फार्न्सवर्थ राइट या तिघांच्याही कथा 'साभार परत' करत असत. नाकारलेली कथा या लेखकांच्या दृष्टीने वाईट असेलच असे नव्हते. पण तिला पैसे देणारे दुसरे दुकान जवळजवळ नव्हते. अशा कथा ट्रंकेत पडून होत्या. हॉवर्डने कोनॅन या नायकाची एक कथा राइटकडून परत आल्यावर नायकाचे नाव बदलून ठेवली होती. ती मार्च १९३४ च्या अंकात छापून आली. स्मिथच्या अशा परत आलेल्या कथा इथे आल्या. लव्हक्राफ्टच्या जुन्या चार कथा नोव्हेंबर १९३३ ते ऑक्टोबर १९३४ या काळात इथे आल्या. ऑक्टोबर १९३४ चा अंक तर लव्हक्राफ्ट यांनाच अर्पण केलेला होता.

लव्हक्राफ्ट यांच्या बाबतीत आणखी एक कारण होते. ते १९१४ पासून हौशी पत्रकारितेच्या चळवळीत होते. विज्ञानकथेच्या रसिकांआधी कितीतरी वर्षे अमेरिकेत हौशी मंडळी लहान छापखान्यांवर आपापली मासिके छापून एकमेकांना पाठवत. पैसे न घेता लिहिणे आणि होतकरू संपादकाला हात देणे हा त्यांच्या घडणीचाच भाग होता. विज्ञानकथावाल्या मुलांना ही जुनी परंपरा फारशी माहीत नसावी. 'द फँटसी फॅन'मध्ये मात्र दोन्ही प्रवाह एकत्र आले, आणि हे घडवून आणण्याचे श्रेय हॉर्निगच्या पत्रव्यवहाराला द्यायला हवे. मोठ्या लेखकाला मागावे, नम्रपणे मागावे आणि जे इतरांना नको ते मागावे, एवढे त्याला १७ व्या वर्षी कळले होते.

याच पत्रव्यवहारातून मासिकाचा सर्वांत मोलाचा मजकूर आला. लव्हक्राफ्ट यांनी साहित्यातल्या अलौकिक भयाचा इतिहास सांगणारा दहा प्रकरणांचा दीर्घ निबंध लिहिला होता. १९२७ मध्ये तो एका हौशी मासिकात छापून आला होता, आणि त्या मासिकाचा दुसरा अंक कधी निघालाच नाही. त्यामुळे निबंध जवळजवळ मिळेनासा झाला होता. लव्हक्राफ्ट यांनी तो सुधारून द्यायचे कबूल केले आणि ऑक्टोबर १९३३ पासून तो क्रमशः सुरू झाला.

वादाचे सदर

पहिल्याच अंकापासून हॉर्निगने 'द बॉइलिंग पॉइंट' नावाचे सदर ठेवले. वाचकांनी भांडावे, जोरात भांडावे, असा उघड हेतू. सुरुवात फॉरेस्ट ॲकरमनने केली. तोही सोळा वर्षांचा, कॅलिफोर्नियातला, विज्ञानकथेचा कट्टर चाहता. स्मिथची मंगळावरची एक भयकथा मार्च १९३३ च्या 'वंडर स्टोरीज'मध्ये आली होती. अशी भीषण कथा विज्ञानकथेच्या मासिकात कशाला, असा ॲकरमनचा सवाल होता. स्मिथच्या बाजूने लव्हक्राफ्ट उतरले, फ्लोरिडातला पंधरा वर्षांचा रॉबर्ट बार्लो उतरला, स्वतः स्मिथनेही लिहिले. सूर चढत गेला. फेब्रुवारी १९३४ मध्ये सदर बंद झाले.

यातली एक गोष्ट वाचकांपुढे नीट आलीच नाही. 'वंडर स्टोरीज'ने ती कथा छापताना स्मिथला न विचारता तिचा शेवट बदलला होता आणि शीर्षकही. म्हणजे ॲकरमन ज्या कथेवर तुटून पडला होता ती स्मिथने लिहिली तशी कथा नव्हतीच. वाद सुरू करून देणाऱ्या संपादकाने लेखकाला आधीच एक पत्र टाकून बाजू विचारली असती तर चर्चेला खरा विषय मिळाला असता: मासिकांनी लेखकाच्या मजकुरात किती हात घालावा. तो प्रश्न पुढच्या कित्येक वर्षांत या क्षेत्रातल्या प्रत्येक लेखकाला छळणार होता.

सदराचा फायदा झाला हे नाकारता येत नाही. सहा महिने वाचक पुढच्या अंकाची वाट पाहत राहिले, पत्रे येत राहिली. पण सोळा पानांच्या अंकात भांडणाला दिलेले प्रत्येक पान निबंधाच्या वाट्याचे होते. आणि एक परिणाम जास्त खोल गेला असे मला वाटते. मासिकातल्या मोठ्या नावांनी विज्ञानकथेच्या रसिकांच्या प्रतिनिधीला सर्वांसमोर झोडपले. भयकथेच्या वाचकांपेक्षा संख्येने मोठा असलेला, मासिके विकत घेणारा वर्ग तो होता. त्यातल्या काहींनी तरी हे आपले मासिक नव्हे असा अर्थ घेतला असणार. सदर वेळीच बंद करणे बरोबर होते. सुरू करतानाच त्याला एक पानाची मर्यादा घातली असती तर ते कदाचित शेवटपर्यंत टिकले असते.

नोकरी

मासिकाचा पहिला अंक हॉर्निगने गर्न्सबॅककडे पाठवला होता. गर्न्सबॅकच्या हातून 'अमेझिंग स्टोरीज' १९२९ च्या दिवाळखोरीत गेले होते आणि तो आता 'वंडर स्टोरीज' चालवत होता. डेव्हिड लॅसर या आपल्या संपादकाला त्याला काढायचे होते. त्याने हॉर्निगला बोलावून घेतले आणि वय कळल्यावरही नोकरी दिली. पगार आठवड्याला २० डॉलर, लॅसरच्या पगारापेक्षा बराच कमी. नोव्हेंबर १९३३ च्या अंकापासून एका राष्ट्रीय मासिकाच्या कार्यकारी संपादकाच्या जागी हॉर्निगचे नाव दिसू लागले.

हौशी मासिक काढणाऱ्या मुलाला त्या मासिकाच्या जोरावर अशी जागा मिळणे तेव्हा नवे होते. नोकरी घ्यावी की नाही हा प्रश्नच नव्हता. मंदीत घरी येणारे २० डॉलर कोण सोडेल? खरा निर्णय पुढचा होता. हौशी मासिकाचे आता काय करायचे?

एक, ते बंद करून सगळी शक्ती नोकरीत घालायची. दोन, दुसऱ्या कुणाकडे सोपवायचे. तीन, दोन्ही चालवायचे. हॉर्निगने तिसरा मार्ग धरला. पगारातून तूट भरून काढता येईल हे त्याच्या बाजूने होते, आणि निबंध नुकताच सुरू झाला होता.

पण यात एक अवघड जागा होती. 'वंडर स्टोरीज'चा संपादक म्हणून तो लेखकांच्या कथा पैसे देऊन घेत होता किंवा परत करत होता, आणि 'द फँटसी फॅन'चा संपादक म्हणून त्याच वर्तुळातल्या लेखकांकडे फुकट मागत होता. त्यात 'वंडर स्टोरीज' लेखकांचे पैसे थकवण्याबद्दल बदनाम. थकबाकी वसूल करायला स्मिथला पुढे न्यूयॉर्कमधल्या वकिलाकडे जावे लागले. पैसे देणे-न देणे हॉर्निगच्या हातात नव्हते, तिजोरी मालकाची. तरी समोरच्या लेखकाला दोन्ही पत्रांखाली सही एकाच मुलाची दिसत होती. या काळात लव्हक्राफ्ट आणि स्मिथ त्याच्या मासिकाला साहित्य देत राहिले. याचा अर्थ त्यांनी माणूस आणि मालक वेगळे ओळखले होते, एवढाच मी लावतो.

नोकरीतली त्याची कामगिरी चांगली होती. आलेल्या टपालातून स्टॅन्ली वाइनबॉम या अनोळखी लेखकाची मंगळावरची कथा त्याने उचलली आणि जुलै १९३४ च्या अंकात छापली. परग्रहावरचा जीव माणसासारखा विचार न करताही बुद्धिमान असू शकतो हे त्या कथेने वाचकांना पटवले. आजही या क्षेत्रातल्या महत्त्वाच्या कथांत ती मोजतात. त्याच वसंतात गर्न्सबॅकने वाचकांच्या मंडळांचा देशव्यापी संघ, 'सायन्स फिक्शन लीग', जाहीर केला आणि त्याचे रोजचे काम हॉर्निगकडे आले. संघाच्या संचालकांच्या यादीत ॲकरमन आणि स्मिथ दोघेही होते.

१९३५ मध्ये हे काम त्याला जड गेले. डोनाल्ड वॉलहाइम या तरुण लेखकाची कथा जानेवारी १९३४ च्या 'वंडर स्टोरीज'मध्ये छापली गेली होती आणि पैसे मिळाले नव्हते. त्याने पैसे थकलेले इतर लेखक गोळा करून दावा लावला आणि न्यायालयाबाहेर ७५ डॉलरवर तडजोड झाली. पुढे त्याला आणि त्याच्या साथीदारांना संघातून काढून टाकले गेले. रसिकांच्या मासिकातून वर आलेल्या संपादकाला रसिकांवरच कारवाई झालेली आपल्या मासिकात छापावी लागली. तोवर 'द फँटसी फॅन' बंद पडले होते.

शेवट

छपाई कॉनरॅड रूपर्ट या दुसऱ्या रसिकाकडे होती. तो खिळे हाताने जुळवून या वर्तुळातली आणखीही मासिके छापत असे आणि दर अगदी कमी लावत असे. म्हणजे साठ वर्गणीदारांच्या जोरावर चाललेले हे मासिक प्रत्यक्षात तिघांच्या खिशातून चालले होते: मानधन न घेणारे लेखक, तोट्यात छापणारा मुद्रक आणि पगार घालणारा संपादक. यातल्या एकानेही हात आखडता घेतला की संपले, अशी स्थिती पहिल्या अंकापासून होती. फेब्रुवारी १९३५ चा अंक शेवटचा ठरला.

निबंध आठव्या प्रकरणाच्या मध्यात तुटला. लव्हक्राफ्ट यांनी १९३४ मध्ये विल्यम होप हॉजसन या विस्मृतीत गेलेल्या लेखकावरचा भाग नवव्या प्रकरणासाठी नव्याने लिहिला होता. तो या मासिकात आलाच नाही. फेब्रुवारी १९३७ मध्ये वॉलहाइमच्या हौशी मासिकात सुटा लेख म्हणून आला. पुढच्याच महिन्यात, १५ मार्च १९३७ रोजी, लव्हक्राफ्ट वारले. मधल्या काळात दुसऱ्या एका हौशी मासिकाने निबंध पुढे चालू करायचे ठरवले होते, तेही फसले. सुधारलेला संपूर्ण निबंध १९३९ मध्ये, मरणोत्तर संग्रहात, प्रथमच एकसलग छापला गेला. सतरा महिने हौसेने छापलेला निबंध लेखकाला हयातीत पूर्ण झालेला दिसला नाही, ही या प्रकरणातली सर्वांत मोठी हानी आहे असे मी मानतो.

हॉर्निगची नोकरी एप्रिल १९३६ पर्यंत टिकली. शेवटच्या अंकात गर्न्सबॅकने विक्रेत्यांना वगळून थेट वर्गणीवर मासिक चालवायची योजना मांडली. प्रतिसाद अगदीच अपुरा आला आणि 'वंडर स्टोरीज' विकले गेले. नव्या मालकाकडे संपादक म्हणून मॉर्ट वाइझिंगर आला, म्हणजे पुन्हा एक हौशी मासिकवालाच. हॉर्निगने १९३९ पासून दोन वर्षे आणखी तीन विज्ञानकथा मासिके सांभाळली. दुसऱ्या महायुद्धात त्याने तत्त्व म्हणून शस्त्र धरायला नकार दिला. १९९९ मध्ये तो वारला.

काय वेगळे करता आले असते

सगळ्यांत आधी निबंध. अठ्ठावीस हजारांच्या आसपास शब्दांचा मजकूर अठराशे-दोन हजार शब्दांच्या हप्त्यांनी दिला असता तरी सव्वा वर्षात संपला असता. इथे हप्ते त्याहून लहान होते. ढोबळ हिशेबाने महिन्याला हजार-बाराशे शब्द. त्या गतीने पुरा व्हायला आणखी सात ते अकरा महिने लागले असते. साठ वर्गणीदारांच्या मासिकाने दोन वर्षांचे क्रमशः सदर सुरू करणे म्हणजे हातात नसलेल्या वर्षाचे वचन देणे. लव्हक्राफ्ट यांना सुरुवातीलाच प्रकरणागणिक छापण्याचा आग्रह धरता आला असता: जागा असेल तेव्हा अख्खे प्रकरण, नसेल त्या महिन्यात काही नाही. मग मासिक बंद पडले तरी वाचकाच्या हाती सात पूर्ण प्रकरणे राहिली असती, आणि उरलेली तीन दुसऱ्या संपादकाला उचलणे सोपे गेले असते.

याहून चांगला नमुना तर समोरच होता. जून १९३३ मध्ये स्मिथने आपल्या सहा नाकारलेल्या कथांची पुस्तिका गावातल्या वर्तमानपत्राच्या छापखान्यातून स्वतः छापून घेतली होती. हजार प्रती, किंमत २५ सेंट. ती हळूहळू, कित्येक वर्षे खपत राहिली. पण पुस्तिकेला घाई नसते. मासिकाचा जुना अंक शिळा होतो, पुस्तिका होत नाही. निबंधाची जुळणी दर महिन्याला होतच होती. तेच जुळवलेले खिळे मोडण्याआधी प्रत्येक हप्त्याची थोडी जादा छपाई करून ठेवली असती, तर शेवटी सुटी पाने एकत्र शिवून पुस्तिका तयार झाली असती. जादा खर्च कागदाचा. 'वीअर्ड टेल्स'च्या हजारो वाचकांत २५ सेंट देणारे दोनशे निघणे अशक्य नव्हते, आणि दोनशे प्रती म्हणजे पन्नास डॉलर, जवळजवळ वर्षभराची वर्गणी.

दुसरा मुद्दा छपाईच्या पद्धतीचा, आणि इथे मी हॉर्निगच्या बाजूने आहे. हेक्टोग्राफ म्हणजे जेलीच्या पाट्यावर पन्नासेक स्वच्छ प्रती निघतात, सायक्लोस्टाइलच्या स्टेन्सिलवर काही शे सहज. साठ वर्गणीदारांना यांपैकी काहीही पुरले असते आणि खर्च बराच उतरला असता. तरीही खिळ्यांची छपाई ठेवणे योग्य होते असे मला वाटते. गर्न्सबॅकच्या टेबलावर पडलेला पहिला अंक फिकट जांभळ्या शाईचा असता तर त्याने तो कदाचित उचललाही नसता. लेखकांच्या बाबतीतही तेच. परत आलेली का होईना, पण स्वतःची कथा नीट छापलेली दिसावी असे कुणाला वाटत नाही? तडजोड मधली होती: मुख्य मजकूर छापील आणि वाचकांची पत्रे, वाद, जाहिराती सायक्लोस्टाइलच्या पुरवणीत. पाने मोकळी झाली असती आणि भांडणाने निबंधाची जागा खाल्ली नसती.

तिसरा मुद्दा माणसांचा. नोकरी लागली त्या दिवशी हॉर्निगने सहसंपादक शोधायला हवा होता. बार्लो पहिल्या वर्षापासून त्याला लिहून देत होता, लव्हक्राफ्ट यांचा विश्वासातला होता आणि छपाईची त्याला एवढी आवड होती की १९३५-३६ मध्ये त्याने स्वतःच्या हौशी मासिकाचे दोन अंक काढले. वय कमी, अंतर मोठे, हे अडथळे खरे. पण मजकूर निवडणे, पत्रव्यवहार सांभाळणे आणि मुद्रिते तपासणे टपालाने करता येते, आणि ही सगळी मंडळी तसाही सगळा कारभार टपालानेच करत होती. जबाबदारी वाटून दिली असती तर रूपर्टचा किंवा हॉर्निगचा हात आखडल्यावरही मासिक कुठल्यातरी साध्या रूपात पुढे गेले असते. वॉलहाइमने आणि इतरांनी पुढची वर्षे तशीच काढली.

'सायन्स फिक्शन लीग'च्या सभासदांची यादी त्याच्या टेबलावर होती, ती त्याने वापरायला हवी होती का, असा प्रश्न कुणी विचारेल. माझ्या मते नाही. ती यादी मालकाची होती आणि सभासदांनी पत्ते संघासाठी दिले होते. गर्न्सबॅकची परवानगी काढून 'वंडर स्टोरीज'मध्ये चार ओळींची पैसे देऊन जाहिरात मात्र देता आली असती, आणि ती मासिक डबघाईला आल्यावर नव्हे, १९३४ च्या सुरुवातीला, निबंधाचे पहिले हप्ते हाताशी असताना. नव्या वर्गणीदाराला मागचे अंकही घ्यावेसे वाटले असते. तीनशे छापून साठ वर्गणीदार म्हणजे दर महिन्याला दोनशेहून जास्त प्रती वर्गणीदारांबाहेर उरत होत्या. त्यांतल्या काही नमुना म्हणून, काही लेखकांना गेल्या असतील. उरलेल्यांचे संच बांधून विकण्याची वेळ तीच होती.